तीर्थनला बस भरून नेणाऱ्या नागपूरच्या टूरवाल्यांना खुलं पत्र

नागपुरातले समस्त टूर ऑपरेटर, ट्रेकिंग ग्रुपचे अ‍ॅडमिन, अन् सुट्ट्या जवळ आल्या की "हिमाचल ऑफबीट" चं पोस्टर टाकणारे सगळे दादा-ताई,

नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पॅकेजमध्ये आता हिमाचलच्या कुल्लूकडची तीर्थन व्हॅली आली आहे. चांगलं आहे, मनाली-शिमला करून लोकं कंटाळले, त्यांना शांत जागा पाहिजे, तुम्ही शोधली. पण परवा एक पोस्टर हातात आलं (नाव घेत नाही, ज्याचं आहे त्याला कळेल) त्यात दुसऱ्या दिवसाच्या खाली लिहिलं होतं, "ट्राउट फिशिंग एक्सपिरियन्स, ४५ मिनिटे". वरती रिव्हर क्रॉसिंग, खालती बोनफायर विथ डीजे, अन् मध्ये बिचारा ट्राउट, म्हणजे तिथल्या थंड नदीतला मासा. मला त्या एका ओळीबद्दल बोलायचं आहे. एक तर ती काढून टाका, नाहीतर नीट करा. अर्धवट करून तिथली नदी अन् आपल्या गावचं नाव दोन्ही खराब करू नका, एवढंच म्हणणं आहे, बाकी सगळा त्याचा खुलासा.

मी काही सरकारी माणूस नाही, अन् तुमचा कॉम्पिटिटरही नाही, मला टूर काढायची नाही बाप्पा. मी इथलाच, लहानपणापासून गरी टाकणारा, मरळ नाहीतर शिंगाडा मासा लागेल या आशेवर तलावाच्या काठी अख्खी दुपार घालवणारा माणूस. गेल्या काही वर्षांत फ्लाय फिशिंगचा, म्हणजे गांडुळाऐवजी पिसांचा नकली किडा लावून मासे धरायचा नाद लागला, अन् नाद म्हणजे काय ते घरच्यांना विचारा, कोंबड्याच्या मानेची पिसं डब्यात जमवून ठेवणारा नवरा कोणाला आवडतो. तर त्यासाठी तीर्थनला जाणं होतं. पहिले तिकडे नागपूरची पाटी असलेली गाडी दिसली की बरं वाटायचं, काच खाली करून "कुठले हो तुम्ही" विचारायचो, आता दिसली की पोटात गोळा येतो.

ज्यांनी जागा बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मंडीहून मनालीच्या रस्त्याला लागलं की औटचा बोगदा येतो, जवळपास तीन किलोमीटरचा. सगळी गर्दी त्या बोगद्यात शिरते अन् आपण मात्र बोगद्याच्या आधीच उजवीकडे लारजीकडे वळतो. लारजीला तीर्थन अन् सैंज या दोन्ही नद्या बियासला मिळतात, तिथेच १२६ मेगावॉटच्या वीज प्रकल्पाचं धरण आहे. पुढे बंजार, मग नागिनी, मग गुशैनी. गुशैनीला फलाचन नावाचा दुसरा प्रवाह येऊन मिळतो, अन् तिथून वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, जो १९९९ ला नॅशनल पार्क झाला अन् २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. नदी आपल्या कन्हानसारखी रुंद नाही, काही ठिकाणी हात चांगला असलेलं पोरगं दगड पलीकडे फेकेल एवढीच. पाणी इतकं साफ की कंबरभर खोल डोहातला गोटा अन् गोटा दिसतो, अन् इतकं थंड की मे महिन्यात नागपूरहून ४५ डिग्रीतून गेलेला माणूस पाय बुडवला की ओरडतोच. रस्ता एका गाडीचा. समोरून दुसरी आली की कोणीतरी मागे घ्यायचं. या रस्त्यावर तुम्ही मोठी बस घालून राहिले, यावर वेगळं पत्र होईल, ते सध्या राहू द्या.

आता ४५ मिनिटांचं बघू. आपली गरी कशी असते, दोऱ्याला शिसं बांधलं, गांडूळ लावलं, फेकलं, वजनाने दोरा जातो अन् आपण बसतो. फ्लायमध्ये हे सगळं उलटं आहे. हूकवर पिसं अन् धागा गुंडाळून एक नकली किडा बनवलेला असतो, त्याला वजनच नाही, फुंकर मारली तर उडेल. वजन असतं लाईनला. जाड, कोटिंग केलेली लाईन आधी मागे हवेत पूर्ण उलगडू द्यायची, ती मागे सरळ झाली की रॉड वाकतो, अन् त्याच ताकदीवर ती पुढे फेकायची, पुढे लाईनला लीडर म्हणजे बारीक होत जाणारा दोरा, लीडरच्या टोकाला टिपेट म्हणजे केसासारखा दोरा, अन् त्याच्या टोकाला तो किडा, जो पाण्यावर असा पडला पाहिजे की जसा वरून खरंच एखादा किडा पडला. हे जमायला लोकांचे आठवडे जातात. रॉड हातात घेतल्यावर पहिला पाऊण तास तर लाईन स्वतःच्याच टोपीत अडकण्यात जातो, मग तुमच्या पॅकेजमधला माणूस फोटो काढून परत बसमध्ये बसतो अन् घरी येऊन सांगतो, काही नाही बे, तिकडे मासेच नाहीत.

अन् मागे लाईन जायला जागा लागते हे तुमच्या लक्षात आलंच असेल. फेकणाऱ्याच्या मागे पंचवीस-तीस फूट मोकळं पाहिजे. तुम्ही तिथे चाळीस लोकांना मोबाईल घेऊन उभं करता. हूक कोणाच्या कानात, कोणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही, अन् जवळचं मोठं हॉस्पिटल कुल्लूला. तुमच्या डिस्क्लेमर फॉर्ममध्ये हे आहे का? मला तर कधी दिसलं नाही.

बरं, फेकता आलं असं धरू. पाण्यातला मासा काय करून राहिला ते बघा. ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणजे वरच्या अंगाला, कारण खाणं तिकडून वाहत येतं अन् ऑक्सिजनही. तो मधोमध धारेत नसतो, तिथे पोहायला फार ताकद लागते, तो असतो मोठ्या गोट्याच्या आडोशाला, जिथे जोरात वाहणारं अन् संथ पाणी एकमेकाला लागून असतं. संथ पाण्यात आराम करायचा, बाजूच्या धारेतून किडा आला की झटकन जाऊन उचलायचा अन् परत जागेवर. म्हणून मच्छीमाराने खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून यायचं, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता. किडा टाकायचा त्याच्या वरच्या अंगाला अन् तो आपोआप वाहत त्याच्यापर्यंत जाऊ द्यायचा. लाईन जर धारेत सापडली तर ती किड्याला ओढते, किडा पाण्यावर रेघ मारत पळतो, अन् खरा किडा असं कधीच करत नाही, मासा लगेच ओळखतो. म्हणून लाईन उचलून वरच्या अंगाला टाकत राहायची. संक्रांतीला ज्याने पतंगाला ढील देता देता मांजा सांभाळला आहे त्याच्या हाताला हे लवकर कळतं, चक्री ओढायची कधी अन् सोडायची कधी तेच इथे आहे, त्यामुळे नागपूरची पोरं यात तयार व्हायला हवीत असं माझं प्रामाणिक मत आहे. पण ४५ मिनिटांत नाही.

आता गंमत ऐका. लोकं म्हणतात गाणी लावली की मासे पळतात. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही, तुमच्या ब्लूटूथ स्पीकरचा त्रास माशापेक्षा काठावरच्या होमस्टेवाल्याला अन् जंगलातल्या पक्ष्यांना जास्त. माशाला जे कळतं ते पाय. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, तिच्यातून त्याला पाण्यातली थरथर समजते, अन् काठावर चाळीस जण धपाधप उड्या मारत उतरले की ती थरथर गोट्यांतून पाण्यात जाते. एकदा डोहातला मासा दगडाखाली शिरला की तासभर तरी येत नाही. मी बघितलं आहे, सकाळी चांगला गाईड एका क्लायंटला घेऊन अर्धा तास हळूहळू डोहाजवळ सरकत होता, तेवढ्यात वरून एक ग्रुप उतरला, पोरांनी गोटे फेकायला सुरुवात केली, "पाणी उडव ना बे" म्हणत, मराठीतच. गाईड काही बोलला नाही, लाईन गुंडाळली अन् दगडावर बसून विडी पेटवली. त्या माणसाची दिवसाची कमाई तीच असते.

कोणी म्हणेल एवढं काय, नदी काय कोणाच्या बापाची आहे का. नाही ना. पण ती तशी राहिली आहे ती कोणामुळे, ते तरी माहिती करून घ्या. त्या खोऱ्यात छोट्या-छोट्या वीज प्रकल्पांची रांग लागणार होती, पाणी पाईपात घालून खालती सोडायचं अन् मधली नदी कोरडी. तिथल्या लोकांनी विरोध केला, माजी आमदार दिलाराम शबाब यांच्यासारखी माणसं कोर्टापर्यंत गेली, अन् शेवटी तीर्थनवरचे प्रकल्प थांबले. बाजूच्या सैंजवर प्रकल्प झाले, खाली लारजीला धरण झालं, तीर्थन वाचली. अन् ती वाचवताना या लोकांच्या हातात जे मुद्दे होते त्यात एक हा ट्राउट होता, की हा मासा इथे आहे, त्याच्यावर इथल्या घरांचं पोट आहे. म्हणजे तुम्ही ज्याला अ‍ॅक्टिव्हिटी म्हणून विकून राहिले त्याच्या जोरावर ती नदी वाहते आहे. जरा मान ठेवा.

हां, मासा मूळचा तिथला नाही हे मला माहिती आहे, कमेंटमध्ये कोणी शहाणा सांगायच्या आधी मीच सांगतो. ब्राऊन ट्राउट इंग्रजांनी आणला, काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास अन् कुल्लूकडे १९०९ च्या सुमारास, अंडी जहाजाने आणून, बर्फात जपून. तिथला मूळचा म्हणजे स्नो ट्राउट, ज्याला तिकडे गुगली म्हणतात, तो खरं तर ट्राउट नाहीच, आपल्या रोहू-कटल्याच्या कार्प घराण्यातला आहे, अन् त्याची संख्या कमी होऊन राहिली, त्यात या परदेशी पाहुण्याचाही हात आहे. म्हणून मी काही ट्राउटला देव मानत नाही. पण शंभर वर्षांहून जास्त झाली, आता त्याच्याभोवती लायसन्स, बंदी, गाईड, होमस्टे अशी एक व्यवस्था उभी आहे अन् तिचा फायदा गुगलीलाही होतो, कारण राखणदारी असली की डायनामाइट अन् ब्लीचिंग पावडर टाकणारे कमी येतात. आपल्याकडे नदीत करंट सोडून मासे मारतात ते बघितलं आहे ना तुम्ही? मग कळेल.

आता तारखा. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, बाकी काही वाचलं नाही तरी हा वाचा.

हिमाचलमध्ये ट्राउटच्या नद्यांमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत मासेमारी बंद असते. का, तर ब्राऊन ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो. मादी शेपटीने वाळू-खडीत खड्डा करते, त्यात अंडी टाकते, नर ती फळवतो, मग ती पुन्हा वरून खडी लोटते. त्या बर्फासारख्या पाण्यात पिल्लं बाहेर यायला दोन-तीन महिने लागतात, तोपर्यंत ती तिथेच खडीखाली. आता तुमचं दिवाळीचं बुकिंग आठवा. २०२३ ला दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. दिवाळी नोव्हेंबरात आली की सुट्टीच्या बॅचमध्ये ट्राउट फिशिंग म्हणजे सरळ सरळ कायदा मोडणं, अन् ख्रिसमसच्या बॅचमध्ये तर आणखीच. पण त्याहून वाईट ते तुमचं रिव्हर क्रॉसिंग. फिशिंग बंद आहे म्हणून तुम्ही लोकांना गमबूट घालून, हाताला हात धरून उथळ पाण्यातून चालवता, मस्त व्हिडिओ होतो, अन् उथळ खडी म्हणजेच त्याच अंड्यांची जागा. एका साखळीत किती घरटी पायाखाली गेली याचा हिशोब कोणी ठेवत नाही. कोणाला वाईट हेतू नाही हे मान्य आहे, पण माहिती नसणं हे टूर विकणाऱ्याला शोभत नाही.

उन्हाळ्याचं वेगळं. आपल्या विदर्भात शाळा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटी, त्यामुळे तुमच्या बॅचेस जूनपर्यंत चालतात. तोपर्यंत वरचा बर्फ वितळून पाणी वाढलेलं असतं, गढूळ झालेलं असतं, माशाला किडा दिसत नाही अन् नवख्या माणसाला पाय टिकवता येत नाही. मग पाऊस. जुलै २०२३ मध्ये कुल्लू-मंडीत काय झालं ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं, रस्ते गेले, पूल गेले. त्या दिवसांत नदीकाठी टेंट लावायचे नसतात भाऊ, कितीही व्ह्यू चांगला असला तरी. फ्लाय फिशिंगचे खरे दिवस म्हणजे मार्च-एप्रिल, अन् पावसानंतरचा सप्टेंबरचा शेवट अन् ऑक्टोबर, पाणी काचेसारखं, ऊन कोवळं, दुपारी किडे पाण्यावर नाचतात अन् मासा वर येऊन टिपतो. तेव्हा आपल्याकडे नेमक्या परीक्षा नाहीतर नवरात्र. म्हणजे शाळेच्या पोरांची फॅमिली टूर अन् ट्राउट हे जमतच नाही, दोन वेगळी गिऱ्हाईकं आहेत, हे एकदा मान्य करा, अर्धी भांडणं मिटतील.

लायसन्स. हिमाचलच्या मत्स्य विभागाचं असतं, माणशी अन् दिवसाचं, महाग नाही, तुमच्या एका वेलकम ड्रिंकच्या आसपास धरा. किती मासे घ्यायचे, केवढ्या लहान माशाला सोडायचं याचेही नियम आहेत. तरी काही लोकं एका लायसन्सवर अख्खी बस फिशिंग करवतात, रॉड एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, अन् रेंजर आला की "सर ये तो बस फोटो के लिए". काश्मीरमध्ये बघा, तिथे लिद्दर, ब्रिंगीसारख्या नद्यांचे तुकडे पाडलेत, त्याला बीट म्हणतात, एका बीटवर दिवसाला ठरावीकच रॉड, आधी बुक करायचं, सीझन साधारण एप्रिल ते सप्टेंबर. म्हणून तिथे एखाद्या वळणावर तुम्ही अन् नदी, बाकी कोणी नाही, असं अजून होतं. तीर्थनला ती शिस्त गाईड लोकं आपसांत समजुतीने सांभाळतात, तू वरचा डोह घे मी खालचा घेतो, अन् अशी समजुतीची शिस्त बाहेरच्या गर्दीपुढे पहिले तुटते.

जेवणाचंही सांगतो, कारण आपल्या लोकांना शेवटी तेच विचारायचं असतं. ताटात येणारा ट्राउट हा नदीतला नसतो, नसावाही. तो रेनबो ट्राउट, फार्ममधला, कुल्लूकडे पतलीकूहलला सरकारी फार्म आहे, नॉर्वेच्या मदतीने तिथे हे शास्त्र आलं, आता खासगी टाक्याही खूप आहेत, वाहतं थंड पाणी सोडलेल्या सिमेंटच्या लांब टाक्या. तो खा, भरपूर खा, तव्यावर नुसतं मीठ-लिंबू लावून फार छान लागतो, फक्त तुमच्या महाराजांना सांगा की त्याला सावजी मसाला लावू नका, मला सावजी प्राणाहून प्रिय आहे तरी सांगतो, त्या माशाची चव एवढी हलकी असते की तर्रीखाली काय होतं ते कळणारही नाही. अन् नदीतला ब्राऊन मिळाला तर सोडा. हात ओले करून धरायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो अन् मग बुरशी लागते. हूकच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून आधीच सपाट करून ठेवायचा म्हणजे झटकन निघतो. फोटोसाठी पाण्याबाहेर धरून सगळ्या ग्रुपमध्ये फिरवायचा नाही. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरायचा, त्याला दम आला की तो स्वतःच जातो. तुमच्या पोस्टरवर माशाच्या कल्ल्यात बोट घालून उचललेला फोटो आहे, तो पहिले बदला.

काही जण मला म्हणतात, एवढंच आहे तर इथेच का नाही, चिखलदऱ्याला थंड असतं, तिथे सोडा ट्राउट. नाही होत हो. या माशाला पाणी साधारण दहा ते सोळा डिग्रीचं लागतं, वीसच्या वर गेलं की त्याचा जीव घाबरतो, पंचवीसला मरायला लागतो. दक्षिणेत नीलगिरीत अव्हलांचला अन् मुन्नारकडे रेनबो आहे, पण अव्हलांच दोन हजार मीटरवर आहे, आपलं चिखलदरा अकराशेच्या आसपास, अन् मे महिन्यात तिथलं तलावाचं पाणी हाताला कोमट लागतं. अन् मेळघाटात, पेंचमध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पाण्यात गरी टाकायचा विचारही करू नका. ज्याला हौस आहे त्याने फ्लाय रॉड घेऊन गावाकडच्या तलावावर जावं, ढिवर बांधवांच्या सोसायटीची परवानगी घेऊन, लहान मासोळीसुद्धा फ्लायवर मस्त येते. प्रॅक्टिस होते अन् तीर्थनला गेल्यावर गाईडचा वेळ वाया जात नाही.

तुमचं गणित मला कळत नाही असं नाही. बस पंचेचाळीस सीटची, पस्तीस भरल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आपल्या माणसाला इथलंच जेवण, इथलाच महाराज, सगळं स्वस्तात पाहिजे, अन् शेजारच्याने फिशिंग टाकलं की तुम्हालाही टाकावं लागतं. पण मग बॅचचे दोन भाग करा ना. मोठा ग्रुप जालोरी पासला न्या, ३,१२० मीटरवर, तिथून सेरोलसर तलावापर्यंत जंगलातली सोपी वाट आहे, आजी-आजोबाही जातात, फोटो नदीपेक्षा चांगले येतात. अन् ज्यांना खरंच मासेमारी शिकायची आहे अशांचा वेगळा सहा जणांचा ग्रुप करा, दोन मुक्काम नदीवर, तीन माणसांमागे एक स्थानिक गाईड, लायसन्स ज्याचं त्याचं, जायचं मार्च-एप्रिल नाहीतर ऑक्टोबरात. पैसे दुप्पट लावा, लोकं देतील. नागपुरात दहा-दहा हजारांचे रॉड घेऊन घरी धूळ खात ठेवणारे मला बरेच माहिती आहेत. गाईडला त्याचे पैसे थेट द्या, हॉटेलच्या बिलात घालून नको, मध्ये किती कापले जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

अन् कृपा करून गुशैनीच्या वरच्या डोहांचं गूगल लोकेशन ग्रुपवर टाकणं बंद करा. एका रीलने काय होतं ते जिभीला जाऊन बघा, एवढंसं गाव, धबधब्याजवळ आता उभं राहायला रांग.

माझ्याकडून काय होईल ते सांगतो. ज्या ग्रुपची ऑक्टोबरची सहा जणांची बॅच ठरेल, त्यांना जायच्या आधी कास्टिंग मी शिकवतो, फुकट, रविवारी सकाळी, कुठल्याही मोकळ्या ग्राउंडवर. हूक लागत नाही, टोकाला लोकरीचा तुकडा बांधायचा अन् वीस फुटांवर ठेवलेल्या परातीत टाकायचा. दोन रॉड माझे आहेत. परात अन् तर्री पोहे तुमच्याकडून.

तुमचाच,
एक गरीवाला, नागपूर

ता.क. पाण्यात उतरणाऱ्यांसाठी बुटाचा तळ नमद्याचा किंवा खिळ्यांचा पाहिजे, स्पोर्ट्स शूजने त्या शेवाळलेल्या गोट्यांवर माणूस शंभर टक्के पडतो. अन् बेल्ट बांधल्याशिवाय लांब वेडर (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची वॉटरप्रूफ पँट) घालू देऊ नका कोणाला, आत पाणी भरलं की उठता येत नाही. हे तरी पोस्टरवर लिहा.